बाद मतांचा गठ्ठा

आमच्या घरात पंखा किती वेगाने फिरवायचा हेसुद्धा आजवर कधी मतदानाने ठरलेलं नाही. आणि गेले तीन महिने सकाळच्या चहापासून वाद कशावर, तर देशाचा राष्ट्रप्रमुख जनतेने थेट निवडावा की नाही. मी शाळेत शिकवते. दिवसभर बेचाळीस मुलांचा गलका ऐकायचा आणि घरी आलं की या दोन मोठ्या माणसांचा. एका बाजूला माझा नवरा, दुसऱ्या बाजूला सासरे. मी मधे भांडी घासत उभी.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पा बावीस वर्षं नगरसभेचे सभासद होते. राष्ट्रप्रमुख निवडायची आमच्याकडची रीत अशी, की प्रत्येक नगरसभेने आपल्यातला एक सभासद राजधानीला पाठवायचा आणि या सभासदांनी मिळून निवड करायची. गावाने चार वेळा आप्पांना पाठवलं. त्यामुळे आजही ते केस कापायला गेले की खुर्चीवरचा माणूस अर्धवट केसांनिशी उठून जागा देतो. राजधानीला जायला शिवलेला काळा कोट अजून कपाटात आहे. त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नाही.

"लोकांना काय कळतं?" आप्पा म्हणायचे. "ज्याच्या सभेला गर्दी जास्त, त्याच्या नावापुढे शिक्का. अरे, साधा डॉक्टर निवडताना तू चार जाणत्यांना विचारतोस ना?"

"विचारतो की. पण पोट माझं दुखतं, म्हणून ठरवतो मी," नवरा म्हणायचा.

"आणि निवडून आल्यावर तो म्हणाला, मला अख्ख्या देशाने निवडलंय, तुम्ही मला विचारणारे कोण? मग त्याला आवरणार कोण?"

"आता कोण आवरतं, आप्पा?"

यावर आप्पा वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे. मला आळीपाळीने दोघांचंही पटायचं, आणि शेवटी दोघांचाही कंटाळा यायचा. कोणीही निवडा, कसाही निवडा, पण आधी ते ताट उचलून ठेवा, असं व्हायचं. सांगून उपयोग नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी सरकारने हा प्रश्न जनतेपुढेच ठेवला. कागदावर एकच वाक्य होतं, राष्ट्रप्रमुखाची निवड थेट मतदानाने व्हावी का, आणि त्याखाली 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. हव्या त्या चौकोनात शिक्का मारायचा. मतदान रविवारी, मोजणी सोमवारी. शिक्षकांना अशा वेळी कोणी विचारत नाही, नुसता हुकूम येतो. मोजणीच्या कामावर माझं नाव लागलं. मोजताना पाहिलेलं बाहेर बोलणार नाही, अशी शपथ घेऊन सहीही करून दिली.

रविवारी आप्पा काळा कोट घालून निघाले. खांद्यावर तो आता सैल झाला होता. "हा मान आपल्याच हाताने घालवायला निघालाय गाव," वाटेत ते मला म्हणाले. केंद्रावर पडद्यामागे त्यांना बराच वेळ लागला. मागच्या बाईने घसा खाकरला, तरी ते बाहेर येईनात. घरी आल्यावर कोट काढून ते आडवे झाले आणि जेवायलाही उठले नाहीत. नवरा हळूच म्हणाला, "आप्पांना फार लागलंय गं. आता मी काही बोलणार नाही." तीन महिन्यांनी सुचलेलं शहाणपण.

सोमवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत टेबलं मांडली. प्रत्येक टेबलावर तीन गठ्ठे करायचे होते, हो, नाही आणि बाद. आमच्या टेबलाचा प्रमुख टपाल खात्यातला होता, बोटं ओली करून कागद मोजणारा. समोर दोन्ही बाजूंचा एकेक प्रतिनिधी डोळ्यांत तेल घालून बसला होता. अकराच्या सुमाराला माझी मान आखडली आणि कागद नुसते हातांनीच सरकायला लागले.

तेवढ्यात तो कागद आला. त्यावर शिक्का नव्हता. 'हो'च्या चौकोनात निळ्या शाईच्या पेनाने एकाचा आकडा काढला होता, शेपूट खाली लांब ओढून टोकाला वर वळवलेला. तो आकडा मी पंधरा वर्षं बघत आले आहे. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर, किती गोळ्या घ्यायच्या ते आप्पा असंच लिहितात.

मी कागद दोनदा उलटसुलट केला. आप्पा. आणि 'हो'!

"शिक्का नाही. बाद," प्रमुख म्हणाला.

"पण मत कुठे द्यायचंय ते स्पष्ट आहे ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

'नाही'वाला प्रतिनिधी ताडकन उठला. "बाई, हाताने लिहिलंय. अक्षरावरून मत कोणाचं ते ओळखता येतं. म्हणून तर नियम आहे."

"हे कोण ओळखणार आहे इथे?" 'हो'वाला म्हणाला.

ज्या कारणासाठी नियम केला होता, ते कारण म्हणजे त्या टेबलावर मीच होते. आणखी बोलले असते तर उगाच संशय. माझ्याच हाताने आप्पांचं मत बादच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि पुढचा कागद उचलला.

संध्याकाळी निकाल लागला. थोडक्यात का होईना, 'नाही' जिंकलं. घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. अर्धं गाव आप्पांचं अभिनंदन करायला आलं होतं. "आप्पा, मान राखला बघा देशाने!" केस कापणारा म्हणत होता. आप्पा मान हलवत होते, हसत होते. नवऱ्यानेसुद्धा मोठ्या मनाने हरल्याचं कबूल केलं आणि लोकांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेला.

घर रिकामं झाल्यावर आप्पांनी मला जवळ बोलावलं.

"सूनबाई, तुमच्या टेबलावर बाद किती निघाली?"

"सतरा."

"कशामुळे?"

पालकांशी बोलताना मी रोज चार थापा मारते. आठवत नाही, एवढंच म्हणायचं होतं. शपथही घेतलेली होती. पण त्यांच्या तोंडाकडे बघून थाप सुचेना.

"काही कोरी होती, काहींवर दोन शिक्के. आणि एकावर... शिक्क्याऐवजी पेनाने एक लिहिला होता."

आप्पांनी डोळे मिटले.

"राजधानीत पेनानेच लिहायचं असतं गं," ते म्हणाले. "पसंतीच्या नावापुढे एक. काल शिक्का समोर टांगलेला होता, दिसत होता मला. पण राष्ट्रप्रमुखाचं म्हटल्यावर हात आपोआप खिशात गेला."

मला त्यांचा रागच आला. "मग तीन महिने घर डोक्यावर का घेतलंत, आप्पा? एकदा तरी म्हणायचं, की तुम्हालाही 'हो'च वाटतं!"

"कोणत्या तोंडाने म्हणू? दर वेळी स्टेशनवर पक्षाचा माणूस यायचा. हातात हात घ्यायचा आणि चिठ्ठी सरकवायचा. चिठ्ठीत नाव. गावाला वाटायचं, आप्पा विचार करून मत देऊन आले. मीही तसंच सांगत आलो. पोरालासुद्धा." त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर नवऱ्याच्या चपला वाजत होत्या. "काल पहिल्यांदा चिठ्ठी नव्हती."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"चार वेळा दुसऱ्याच्या मनातलं नाव लिहिलं मी, सूनबाई," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "ती चारही मतं धरली गेली."