काळवंडणारं औषध

डॉक्टरबाईंनी संयोगिताच्या दंडावरची लाल गाठ हलकेच दाबली, तशी ती कळवळली.

"परत आल्याच. गोळ्या कमी केल्या की उठतात," बाई म्हणाल्या. "कुष्ठरोग कधीच बरा झालाय. मेलेल्या जंतूंशी अंग अजून भांडतंय."

दहिवडीला माहेरी असतानाच तिनं वर्षभराचं औषध पुरं केलं होतं. कोरेगावला लग्न होऊन आली आणि या गाठी सुरू झाल्या. रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही, अशी आईची ताकीद होती. त्यांवरच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल झाला, तर सासू रंगूबाई गावभर सांगत सुटली, सून भरली, आता पाळणा हलणार.

"साखर वाढलीय," बाई पुढं म्हणाल्या. "स्टेरॉइड हळूहळू बंदच करायला हवं. थॅलिडोमाइडनं गाठी चार दिवसांत बसतील, पण ते महिनोन्‌महिने घ्यावं लागेल, आणि त्यात दिवस राहिले तर मूल व्यंग घेऊन येतं. नाहीतर क्लोफॅझिमिन. उतार सावकाश पडेल, आणि कातडी काळवंडेल. तोंडसुद्धा. झाकता यायचं नाही."

संयोगिता टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. एका गोळीला मूल नको होतं, दुसरीला गुपित.

"काळं पाडतं ते द्या," ती म्हणाली.

साताऱ्याच्या त्या दवाखान्याच्या पायरीवरून तिनं नवऱ्याला, उदयसिंहला, फोन लावला. तो जम्मूला, पलटणीत.

"आवं, मला कुष्ठरोग झालता. लग्नाच्या आदी. बरा झालाय, पर गाठी उठत्यात."

पलीकडं कवायतीची शिट्टी वाजत होती.

"लय दुखतं का गं?"

"व्हय."

"मग औषध घे. पर आईला सांगू नगंस. मी आल्याव बघू."

"कवा येणार?"

"दिवाळीला."

दिवाळीला अजून पाच महिने होते. फोन ठेवल्यावरही ती तिथंच उभी राहिली. कोरेगावच्या दोन एसट्या तिच्यासमोरून गेल्या. तिसरीत ती चढली.

रंगूबाई घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती.

"काय म्हणली डाक्टरीण? कितवा म्हैना?"

संयोगिता तिच्यासमोर खाली बसली. मग तिनं पोलक्याची बाही दंडापर्यंत वर सारली.