दोघांच्या मधला हिरवा पडदा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी गोड बोललं, की मला वाटतं, याचं काहीतरी काम असणार. कुणी रडलं, की मी आधी बघतो, डोळ्यांत खरंच पाणी आहे का. त्याला मी तरी काय करू? मी एक जुना, घडीचा, हिरव्या कापडाचा पडदा आहे. माझा सगळा जन्म माणसांच्या मधोमध उभं राहण्यात गेला, त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसतात.

एका सुताराने तीन लाकडी चौकटी जोडून मला घडवलं. पितळी बिजागऱ्या लावल्या, पायांना चाकं बसवली. त्यातलं एक चाक पहिल्याच दिवशी कुरकुरलं. सुतार म्हणाला, "वापरात आलं की बंद होईल." कसलं बंद होतंय! तेव्हापासून मी कुणाच्या शब्दावर विसंबत नाही.

मला एका कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. पोरं माझ्याआड पोट धरून विव्हळायची आणि परीक्षेची वेळ टळली, की टुणकन उठून बसायची. डॉक्टर आजाऱ्याला म्हणायचे, "काही नाही, साधा ताप आहे," आणि माझ्या अलीकडे येऊन त्याच्या बापाला भलतंच सांगायचे. तरी ते दिवस मानाचे होते. नर्सबाई माझं कापड हौसेने धुऊन इस्त्री करायच्या. "हा आहे म्हणून मुली मोकळेपणी दुखणं सांगतात," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पुढे दवाखाना नव्या इमारतीत गेला आणि माझी घडी घालून मला कपाटामागे ढकललं. खोलीत लांबलचक टेबल आलं. मी धूळ खात पडलो.

त्याच खोलीत एक दिवस कॉलेजची चौकशी समिती बसली. समितीचे अध्यक्ष, नाटक बसवणारे सर आणि बाहेरून बोलावलेल्या वकीलबाई. मी कपाटामागून कान टवकारले.

आधी एक मुलगी आली. ती नाटकाचे कपडे सांभाळायची. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणत. त्या दिवशी तोंडात टाचणी नव्हती, तरी ती दात आवळूनच बोलली. तालीम चालू असताना ती कपड्यांच्या खोलीत एकटी होती. कुणीतरी दिवा घालवला, मागून येऊन तिचं तोंड दाबलं आणि अंगावर नको तिथे हात फिरवला. चेहरा दिसला नाही. हातांत रबरी हातमोजे होते, एवढं मात्र तिला नक्की कळलं. आणि तसे हातमोजे एकच जण वापरायचा, रंगमंचाचे दिवे सांभाळणारा मुलगा.

खरं सांगू? मला आधी तिचाच संशय आला. पण तिने पाण्याचा पेला उचलला, तो हिंदकळला, आणि सांडलेलं पाणी ती स्वतःच्या बाहीने पुसत बसली. पुन्हा पुन्हा, कोरडं झालं तरी. असं सोंग कुणाला जमत नाही.

ती गेल्यावर दिवेवाल्याला आत घेतलं.

"हं, बोल. काय केलंस?" अध्यक्षांनी विचारलं.

"कशाबद्दल, सर?"

"साळसूदपणाचा आव आणू नकोस. तुझं तुला माहीत आहे."

"शपथ सर, काही कळेल असं सांगा ना. कधी? कुठे?"

"ते सांगता येणार नाही. कबूल करायचं असेल तर बोल."

मुलगा रडकुंडीला आला. "सर, शेवटचं वर्ष आहे. कॉलेजातून नाव काढलंत तर घरी काय तोंड दाखवू?" हे सगळं बोलताना त्याने उजवा हात खिशातून बाहेर काढला नाही. मी मनात म्हटलं, इथेच पाणी मुरतंय.

तो गेला आणि अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "स्पष्ट आहे. नाव काढून टाकू."

"ज्याच्यावर आळ, त्यालाच आळ काय ते माहीत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तो उत्तर देणार तरी कसं?"

"मग त्या पोरीला त्याच्यासमोर बसवायचं? तिच्या जिवाला काय वाटेल?"

अध्यक्षांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला तर वकीलबाईंचाच संशय आला. मुलाकडच्यांनी पाठवलंय की काय हिला? इतक्यात त्यांची नजर कपाटामागे गेली. "तोंड नकोच बघायला. एकमेकांचं ऐकू आलं की झालं. तो पडदा काढा बाहेर."

टाचणीला विचारलं. ती 'चालेल' म्हणाली.

पुढच्या बैठकीला मला पुसून मधोमध उभं केलं. एका बाजूला टाचणी आणि तिची आत्या, दुसऱ्या बाजूला दिवेवाला. थेट एकमेकांशी बोलायचं नाही, जे विचारायचं ते आपल्यामार्फतच, असं वकीलबाईंनी बजावलं. मग तक्रार मोठ्याने वाचली. वार, वेळ, खोली, हातमोजे.

"हातमोजे?" दिवेवाला ताडकन उठला. "अहो बाई, त्या दिवशी हातमोजे खिळ्यावर नव्हतेच! शोधून थकलो. शेवटी तापलेला दिवा तसाच धरला." त्याने खिशातून हात काढला. तळव्याची कातडी भाजून सोललेली होती. "हातमोजे हरवले म्हणून सर रागावतील, या भीतीने लपवत होतो."

माझ्या दुसऱ्या बाजूला टाचणी कापडाजवळ सरकली. "बाई, त्याला विचारा, दिवा धरल्यावर तो काय ओरडला?"

"'सर, हात पोळतोय, लवकर सांगा,' असं ओरडलो," तो म्हणाला.

टाचणीला हुंदका फुटला. "हेच! माझं तोंड दाबलेलं होतं आणि भिंतीपलीकडून मला हेच ऐकू येत होतं. मनात म्हणत होते, हा कोण ओरडतोय त्याने तरी इकडे यावं. हा तो नाही, बाई. हा नाही."

नाटकाच्या सरांची मान खाली गेली. "शिडीवर होता खरा. दिवा कुठे वळवायचा ते मीच खालून ओरडून सांगत होतो. पण ती हीच वेळ, हे मला कोणी विचारलंच नाही."

"चला, सुटलो," अध्यक्ष म्हणाले. "प्रकरण मिटलं."

"मिटलं कसं?" टाचणी कडाडली. "हा नव्हता, पण कुणीतरी होतं ना!" मग ती सावकाश बोलू लागली. "हातमोज्यांचं मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नाटकात राजा होतो ना, तो मुलगा दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, 'हातमोजे होते म्हणजे दिवेवालाच.' त्याला कुठून कळलं?"

अध्यक्ष लालबुंद झाले. "मग आता विचारायचं काय राहिलं? उद्याच काढतो त्याला. पडदा ठेवा आत."

मित्रांनो, मलाही तसंच वाटलं. राजाचा मला इतका संताप आला, की चाकं असून गप्प उभं राहणं जड गेलं. पण खिशातल्या त्या हाताबद्दलही माझी अशीच खात्री होती.

शिपाई माझी घडी घालू लागला. टाचणीने माझी चौकट घट्ट धरली.

"पडदा राहू द्या. त्यालाही बोलवा. मी म्हणते ते सगळं त्याला ऐकू द्या आणि तो म्हणेल ते मला. घाईत काही चुकलं तर तो सुटेल, आणि मग माझं परत कुणी ऐकणार नाही." वकीलबाईंनी शिपायाला राजाला बोलवायला धाडलं.

मित्रांनो, माझं कापड विरलं आहे, चाक अजून कुरकुरतं. तुम्हाला कुणाचा संशय आला तर येऊ द्या, मला तर रोज येतो. पण तेवढ्यावर कुणाचं आयुष्य मोडू नका, आणि कुणाचं रडणं खोटंही ठरवू नका. त्याआधी मला कपाटामागून बाहेर काढा.

हे बघा, दार वाजलं. राजा आलाय. वकीलबाईंनी तक्रार हातात घेतली आहे आणि टाचणी खुर्ची पुढे ओढून बसली आहे. बोलू द्या तिला. आणि ऐकू द्या त्याला.