ट्यूबलाइटमधली देवी

उंबरदऱ्याच्या कापणी झालेल्या भातखाचरात काळ्या कापडाचा मंडप उभा राहिला, आणि चार दिवसांत इगतपुरीकडून येणाऱ्या जीपना थांबायला जागा उरली नाही. मंडपात भरदुपारी काळोख. त्या काळोखात तेजोनाथ महाराज एक ट्यूबलाइट हातात धरत. ना वायर, ना बटण, ना बॅटरी. "ये माते!" असं ते ओरडत आणि ट्यूब मंद, दुधी उजेडानं पेटे. बायका हात जोडत, म्हातारे टोप्या काढत, आणि ज्यांना टोप्या नव्हत्या ते मोबाइल काढत.

"ही बिलाची वीज नाय!" महाराज सांगत. "ही मूळमायेची वीज! हिला मीटर नाय, फ्यूज नाय, लोडशेडिंग नाय. थेट ब्रह्मांडातून येती. गुडघ्यावर फिरवा, गुडघा बरा. डोक्यावर फिरवा, डोकं बरं."

डोक्याची तक्रार मात्र तिथं कुणाचीच नव्हती.

मंडपाला पंधरवडा झाला तेव्हा ज्योत्स्ना गावात आली, वेगळ्याच कामाला. ती वीज कंपनीत वायरमन होती, म्हणून लोक तिला 'वायरमनबाई' म्हणत. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवायची योजना गावोगाव समजावून सांगायचं काम तिच्याकडे आलं होतं. बुधवारी तिनं शाळेच्या व्हरांड्यात तक्ते लावले. ऐकायला एकटे हिरामण गुरुजी होते, तेही शाळेला कुलूप त्यांनाच लावायचं होतं म्हणून.

"सगळं गाव देवीकडं गेलंय," गुरुजी म्हणाले. "तुमची मावशीसुद्धा."

सुलाबाई मावशीनंच ज्योत्स्नाला लहानाचं मोठं केलं होतं. ज्योत्स्ना तडक मंडपात गेली. मावशी पुढच्या रांगेत पाय लांब करून बसली होती आणि महाराजांचा चेला तिच्या पायाच्या अंगठ्यावरून ट्यूब फिरवत होता. मावशीला मधुमेह होता आणि अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती. ज्योत्स्नानं मोबाइलचा उजेड पाडला. अंगठा काळा पडायला लागला होता.

"मावशी, गोळ्या घेतेस ना?"

"धा दिस झाले, बंद केल्या. म्हाराज म्हणले, गोळ्या आन् तेज एका अंगात राहत नाय."

"आत्ताच्या आत्ता नाशिकला चल."

"उद्या महादर्शन हाय. ते झाल्यावर बघू." मावशीनं पाय पदराखाली घेतला. "खांबावर चढतीस म्हणून तुला समदी वीज कळती असं नाय, पोरी."

ज्योत्स्ना बाहेर आली. संताप गिळून तिनं वर पाहिलं. मंडपाच्या बरोबर डोक्यावरून टॉवरच्या जाडजूड तारा गेल्या होत्या. चार लाख व्होल्टची लाइन. कान दिला तर तिची गुणगुण ऐकू येत होती. देवीनं एवढं रान सोडून नेमकी हीच जागा का निवडली, ते तिच्या लक्षात आलं. पण सांगितलं तर ऐकणार कोण? लोक म्हणाले असते, कंपनीची बाई कंपनीच्याच तारांची टिमकी वाजवणार.

मग तिला सकाळी ऑफिसात वाचलेलं एक परिपत्रक आठवलं. तिनं तीन ओळींची चिठ्ठी लिहिली, घडी घालून गुरुजींच्या हातात दिली आणि म्हणाली, "उद्या मी सांगेन तेव्हा सगळ्यांसमोर वाचा."

गुरुवारी अकरा वाजता मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती.

"ये माते!" महाराज ओरडले.

माता आली नाही. महाराजांनी ट्यूब हलवली, मग बदलली.

"आत कुणीतरी विटाळशी हाय!"

दोन बायका मान खाली घालून उठून गेल्या. काळोख तसाच राहिला.

"कुणीतरी शंका घेतंय!"

सगळ्यांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. ती म्हणाली, "गुरुजी, वाचा."

गुरुजींनी मोबाइलच्या उजेडात वाचलं. "गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी चार देवी येणार नाही. महाराज कुणाला तरी बाहेर काढतील, तरी येणार नाही. चारनंतर येईल, आणि कुणाच्याही हातात येईल."

गर्दीतल्या सगुणाबाईनं पुढं येऊन ज्योत्स्नाच्या बुटांवर डोकं ठेवलं. "माय, तूच खरी! तुझं तेज म्हाराजापरीस लय मोठं हाय!"

मागे रांग लागली. खुद्द महाराजांनीही, असलेलं बरं म्हणून, हात जोडले.

खांबावर कधी न घाबरलेली ज्योत्स्ना इथं घाबरली. "अहो, उठा! मला काही दिसत नाही. हे कंपनीचं परिपत्रक बघा. देखभालीसाठी आज ही वरची लाइन दहा ते चार बंद आहे. लाइन बंद, देवी बंद."

लोकांना पटेना. मग तिनं गुरुजींकडून शाळेतली जळालेली ट्यूब मागवली. चारपर्यंत सगळे थांबले. सव्वाचारला डोक्यावर गुणगुण सुरू झाली. काळ्या मंडपात ती भंगारातली ट्यूब सुलाबाईच्या हातात पेटली, ना मंत्र, ना माता. तीच ट्यूब गावातल्या अंधाऱ्या कोठारात नेली, तर विझलेली.

"एवढ्या मोठ्या दाबाच्या तारांखाली जमिनीपर्यंत विजेचा प्रभाव असतो," ज्योत्स्नानं समजावलं. "ट्यूबमधला वायू तेवढ्यानंही उजळतो. उघड्यावर उन्हात दिसत नाही, म्हणून हा काळा मंडप."

"तुम्हाला कुठं कळलं हे?" गुरुजींनी महाराजांना विचारलं.

महाराजांचा आवाज एकदम माणसासारखा झाला. "टॉवरच्या कामावर मजूर होतो. काम संपलं, ठेकेदारानं काढून टाकलं."

"मग मजूर म्हणूनच सांगायचं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. "इथं लोकांनी गोळ्या सोडल्यात."

त्याच संध्याकाळी ती मावशीला नाशिकला दवाखान्यात घेऊन गेली. अंगठा कापावा लागला, पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस आधी आणलं असतं तर अंगठाही राहिला असता.

पुढच्या बैठकीला शाळेचा व्हरांडा भरला. मावशी खुर्चीवर, पायाला बँडेज. ज्योत्स्ना तक्ते दाखवायच्या आधी एवढंच बोलली, "तेजोनाथ गेले, दुसरे कुणीतरी येतील. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी विचारा, हे कुठं घडतं आणि कुठं घडत नाही? आमच्या हातून घडेल का? उत्तर देताना जो चिडेल, त्याच्यापासून लांब राहा. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका."

मावशीनं हात वर केला. "मग तुलाबी इचारते. आपल्याकडं चार महिने सूर्व्याचं तोंड दिसत नाय. तुझे छपरावरचे उन्हाचे पत्रे तवा काय करणार?"

लोक हसले. ज्योत्स्ना हसली नाही. तिला फार बरं वाटलं.

"पावसात कमी वीज देतील, बरीच कमी. किती, ते माझ्या तोंडावर मानू नका. आधी एकट्या शाळेवर बसवू. वर्षभर मीटर तुम्ही बघा. मग ठरवा."