म्हस्कूआप्पाची ठेच

"आप्पा, जरा ठेचकाळा की!"

जिनेशने तिसऱ्यांदा कॅमेरा थांबवला. म्हस्कू मात्र तिसऱ्यांदाही गळ्यात ढोल अडकवून, उंबरा ओलांडून, ओटा उतरून सरळ चिंचेपर्यंत चालत गेला होता.

"कशापायी ठेचकाळू? दारू पिलोय व्हय मी?"

सहा वर्षांचा असताना देवी आल्या आणि म्हस्कूचे डोळे गेले. तेव्हापासून साठ वर्षं अवसरी खुर्दच्या माळावरची ही वस्ती त्याच्या पायांना पाठ होती. मेंढरं तो पाठीवरची लोकर चाचपून ओळखायचा. घरात सुनेपुढं त्याचं फारसं चालत नसे. पण बिरोबाच्या जत्रेत गजीनृत्याचा ढोल त्याचाच, आणि त्या दिवशी पन्नास गडी त्याच्या ठोक्यावर पाऊल टाकायचे. तो मान गेला की आपण नुसते आंधळे उरू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

जिनेश मंचरच्या इंदरचंद शेटचा मुलगा. बापाचं दुकान सोडून पुण्यात सिनेमा शिकला, आणि आता आंधळ्या ढोलवाल्यावर सिनेमा काढतोय म्हटल्यावर घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी हवं होतं.

"ढोल ऐकून येतंय की पानी," म्हस्कू म्हणाला.

"आप्पा, ढोलाचा एक ठोका कापणार नाही. पुण्या-मुंबईला ऐकवतो. फक्त एकदा पडा."

म्हस्कू विरघळला. त्याचा ढोल तालुक्याबाहेर कधी गेला नव्हता.

"आप्पा, नगं," सून पुष्पा दारातून म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"शिनेमा हाय गं त्यो," म्हणत आप्पाने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. उंबऱ्याला अंगठा लावून ढोलासकट असा काही आपटला की जिनेश कॅमेऱ्यामागून "वा!" म्हणाला.

जत्रेच्या आधीच्या रविवारी, दुपारी, समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून गावाला सिनेमा दाखवला. जिनेशने शब्द पाळला. ढोल सात मिनिटं अखंड वाजला आणि म्हस्कू मान डोलवत ऐकत राहिला. पण ढोलाच्या आधी ठेच होती, आणि ती पाहून बायका ज्या मुसमुसायला लागल्या त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. ढोलाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

सिनेमा संपल्यावर देवळाचे पंच दादाभाऊ पुढे आले. त्यांनी म्हस्कूचे दोन्ही हात धरले.

"आप्पा, आमीच डोळं असून आंधळं. तुमी असं पडता-झडता, आन आमी तुमाला रिंगनात नाचवतोय. लई पाप झालं. औंदा तुमी खुर्चीवर बसायचं. ढोल तुमच्या गड्यांतला रामदास घेईल."

"आरं, खोटं व्हतं ते! ह्या जिनेशनं पडाया लावलं."

"तुमी कंदी गाऱ्हानं केलं न्हाई. आताबी झाकताय."

जिनेशनेही शपथेवर सांगितलं. पण सगळ्या गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यापुढे शपथेला कोण विचारतो? उलट आप्पाच्या मोठेपणाने दोन म्हाताऱ्या पुन्हा रडल्या.

जत्रेला फेटा, शाल, हार आणि हाताची खुर्ची, सगळं यथासांग झालं. रामदासचा ढोल दर आवर्तनाला थोडा आधी पडत होता. गड्यांची पावलं एकमेकांत अडकत होती. म्हस्कूला ते एकूण एक ऐकू आलं आणि राग आला, तो आधी स्वतःचा. ओरडावं असं फार वाटलं. पण लोक एकामागून एक पाया पडायला येत होते, आणि पाया पडणाऱ्यावर ओरडता येत नाही.

आरतीला दादाभाऊंनी त्याचा दंड धरला.

"हळू आप्पा. पायरी हाय."

म्हस्कूने दंड सोडवून घेतला नाही. दादाभाऊ एकेका पायरीवर थांबत होते. म्हस्कूही थांबत होता.