पाटावरचा हातोडा

मी एक जुना लाकडी हातोडा आहे. मित्रांनो, ठक् ठक् करण्यापलीकडे मला काही येत नाही. माझी कहाणी तुम्हाला आवडेल की नाही, शंकाच आहे. तरी सांगतो.

आल्प्सच्या शिखरांमुळे ढग पलीकडेच रिकामे होतात. आमचं खोरं कोरडं राहतं. म्हणून पूर्वजांनी डोंगराच्या कुशीतून पाट खोदून हिमनदीचं पाणी गावात आणलं. सुताराने मला लार्च झाडाच्या ओंडक्यातून घडवलं आणि पाटातल्या चाकाशी जोडलं. पाणी वाहिलं की चाक फिरतं, मी उचलला जातो आणि फळीवर आपटतो. ठक्! तो आवाज ऐकून गाव निर्धास्त गवत कापायचं. मी गप्प झालो, तर पाट फुटला असं समजायचं.

पण रोजच्या आवाजाची किंमत राहत नाही. "हा मेला ठोकत बसतो, आम्ही वाजवायचं कसं?" बँडवाले कुरकुरले. तेव्हापासून गावच्या सणाला पाटकरी सेव्हरिन माझ्या डोक्यावर लोकरीचा मोजा चढवू लागला. मला फार लाजिरवाणं वाटे.

अशाच एका सणाला, बँड सुरू व्हायच्या जरा आधी, वर दरड कोसळली आणि पाटाचा बांध फुटला. चाक थांबलं. मला ओरडता येत नाही. गप्प होणं हेच माझं ओरडणं. पण सणाच्या दिवशी ते कुणाला खटकणार?

चौकात सेव्हरिन गाल फुगवून पितळी कर्णा फुंकत होता. उताराखालच्या घरात राहणाऱ्या लुडविना आत्या खूश होत्या. गाणं संपताच म्हणाल्या, "मोजा घट्ट बसलाय हं आज. ठकसुद्धा नाही!"

"मग! काम कुणाचं आहे, आत्या?" असं म्हणत सेव्हरिनने घाम पुसायला खिशात हात घातला. हातात आला तो मोजा!

"अरे देवा! हा तर इथेच राहिला. मग हातोडा गप्प का?"

"माझ्या घरावर पाणी येतंय म्हणून! बघतोस काय, पळ!"

सगळा बँड चढण चढू लागला. फुटलेलं पाणी उताराची माती सैल करत आत्यांच्या घराकडे निघालं होतं. ढोलवाल्या आन्सेल्मने नव्या कोटासकट भगदाडात बसकण मारली. बाकीचे फळ्या आणि गवताची ढेकळं रचू लागले.

"हलू नकोस रे बाबा," मागून धापा टाकत आलेल्या आत्या ओरडल्या, "तुझ्या वजनाचा आज पहिल्यांदा उपयोग होतोय!"

"आत्या, पाणी बर्फासारखं आहे हो!"

"मग लोणी लावून गरम करून देऊ? बस खाली!"

चिखल आत्यांच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. बांध उभा राहिला. पाणी खळाळत माझ्यापाशी आलं, चाक फिरलं आणि मी सारं बळ एकवटून आपटलो. ठक्! खोऱ्यात असा जयघोष उठला की पलीकडच्या गावाने घंटा वाजवली. चिखलाने माखलेला बँड पुन्हा वाजू लागला, तोही माझ्या ठेक्यावर.

आता सणाला माझ्या दांड्यावर फुलं बांधतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात रोज ठकठक करणारं कुणी असेल. त्याला मोजा घालू नका. आणि ते कधी गप्प झालंच, तर आधी धावत जाऊन पाहा.

बरं, चाकाचा फेरा आला. ठक्!