गाडीच्या अंगात आलं तेव्हा

रविवारी सकाळी नऊ वाजता साठ-सत्तर माणसं आमच्या इमारतीखाली आमच्याच जुन्या गाडीला हात जोडून उभी होती. गाडीच्या अंगात आलं होतं. बॉनेट थरथरत होतं, आरसे थरथरत होते, मागच्या सीटवरची छत्रीसुद्धा घुमत होती. गाडीखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकू ते चमच्याने बाटलीत भरत होत्या.

"गाडीला पाझर फुटलाय गं!" त्या मला म्हणाल्या. "गुडघ्याला लावणार आहे."

ड्रायव्हरच्या सीटवर, माझ्या भावाने गाडी दाखवायला बोलावलेले थरथर महाराज डोळे मिटून बसले होते. बोटभर उघड्या काचेतून त्यांचा आवाज येत होता. "इंजिन म्हणजे काय? अग्नी! सिलिंडर किती? चार! दिशा किती? चार! अहो, अजून कसला पुरावा हवाय तुम्हाला? विचारा! एक झटका म्हणजे हो, दोन झटके म्हणजे नाही!"

कुणी विचारलं, मुलीचं लग्न जमेल का? एक झटका. कुणी विचारलं, शेजारी सुधारेल का? दोन झटके. शेजारी तिथेच उभा होता, तो बिचारा रडकुंडीला आला.

मी चौदा वर्षं स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभी आहे. थरथरणारी गाडी बघून मला हसू यायला हवं होतं. पण माझं डोकं सणकलं होतं, कारण आदल्या दिवशी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ह्याच गाडीला विचारलं होतं, "मंगळवारी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ का?" आणि गाडीने दोन झटके दिले होते. अप्पा शिंपी. सहा महिन्यांपासून त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू पिकलाय, आता लांबवू नका. आणि हे गृहस्थ गाडीचं ऐकून घरी बसणार होते!

"गाडी नको म्हणाली," अप्पा एवढंच म्हणत. "तिला काय माझं वाईट करायचंय?"

मी गर्दीतून वाट काढली आणि महाराजांच्या शेजारचं दार उघडून आत बसले. आत हुडहुडी भरेल असा गारवा! महाराजांचा डावा हात डॅशबोर्डला भक्तिभावाने टेकलेला. करंगळी नेमकी एसीच्या बटणावर.

"उतरा महाराज," मी म्हणाले. "पूर्वी तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचात ना? आता मला शिकू द्या."

भाऊ माझ्यावर खेकसला, "ताई, कोप होईल!"

"होऊ दे. माझ्यावर होईल." महाराज नाइलाजाने उतरले. मी त्यांच्या जागी सरकले, दार उघडं ठेवलं आणि सगळ्यांना बटण दाखवलं. "हे दाबलं की एसी सुरू होतो. इंजिनावर भार पडतो. हे इंजिन आधीच लंगडतंय, म्हणून झटका बसतो. बघा." दाबलं. झटका! बंद करून पुन्हा दाबलं. दुसरा झटका! "आणि काकू, ते पाणी एसीचं आहे. ते ओता आधी!"

मला वाटलं, आता लोक महाराजांना धरतील. कसलं काय! काकूंनी माझ्याच पायाला हात लावला.

"ताईंनाही सिद्धी मिळाली हो!"

म्हटलं, घ्या! आता मीच महाराज. एकाने लगेच मला लॉटरीचा नंबर विचारला. तेव्हा कळलं, नुसतं बटण दाखवून भागणार नाही. थरथरच काढायला हवी.

"स्पार्क प्लग कधी बदललेस?" मी भावाला विचारलं.

"दोन महिन्यांपूर्वी. गाडीच्या पुस्तकातला नंबर बघून तूच दिलेलेस ना? चारपैकी तीन बसवले."

"तीन? आणि चौथा?"

तो जमिनीकडे बघू लागला. "अप्पा म्हणाले, सगळं एकदम नवं करू नये. एक जुनं ठेवावं."

आमच्या घरचा नियमच तो! सहा कप आणले तर पाच वापरायचे आणि सहावा जुना, कान तुटलेला. चपलांच्या बाबतीत तेवढी आईने बंदी घातली होती.

नवा प्लग अप्पांच्या शिलाई मशीनच्या खणात सापडला. पण इंजिन तापलेलं, आणि गरम इंजिनातून प्लग काढला तर आटे खराब होतात. सगळे तासभर थांबलो. महाराजांनी जाहीर केलं की गाडी समाधीत गेली आहे, आणि लोकांनी आवाज न करता डबे उघडले.

मग मी बॉनेट उघडलं. चौथ्या प्लगवरची, त्याला वीज देणारी कॉइल उपसली, खाचेतली धूळ फुंकून काढली, पान्याने जुना प्लग सोडवला आणि गर्दीत उभ्या असलेल्या अप्पांच्या हातात दिला.

"मला काय दिसणार?" ते म्हणाले.

"दिसायला नकोच. नख फिरवा."

पन्नास वर्षं कापडाचा काठ चाचपलेलं ते नख. पांढऱ्या चिनी मातीवरून फिरता फिरता ते अडकलं. "चीर आहे गं," अप्पा हळूच म्हणाले.

"ठिणगी त्या चिरेतून बाहेर पळते. चौथा सिलिंडर पेटतच नाही, म्हणून गाडी थरथरते."

नव्या प्लगची, ठिणगी उडते ती फट मी मापाच्या पातळ पातीने मोजली, आटे आधी बोटांनीच फिरवले, मग पान्याने अर्धा फेरा. जोर नाही लावायचा. कॉइल दाबून बसवली. "बसा महाराज. विचारा."

महाराजांनी किल्ली फिरवली. गाडी शहाण्या मुलीसारखी गुणगुणू लागली. त्यांनी बटण दाबलं, परत दाबलं, मग वायपर, मग हॉर्न. आरसासुद्धा हलला नाही.

काकूंनी आत डोकावून सांगितलं, "महाराज, वारा तेवढा छान येतोय."

हशा पिकला. त्या हशातून महाराज कधी सटकले, कुणालाच कळलं नाही. अप्पा मात्र हसले नाहीत. प्लग मुठीत धरून ते उभे होते.

"म्हणजे मला नको म्हणणारं मीच ठेवून घेतलं होतं," ते म्हणाले. "घाबरलो होतो गं. कुणीतरी नको म्हणावं, एवढंच हवं होतं."

मी त्यांना घट्ट धरलं. रडूच आलं मला.

मंगळवारी अप्पांनी डॉक्टरांना सतरा प्रश्न विचारले. सोळांची उत्तरं मिळाली. सतरावा होता, "पूर्वीसारखं बारीक शिवता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "ते आत्ता मला सांगता येणार नाही. पट्टी निघाल्यावर बघू."

अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "हा माणूस खरा आहे." आणि ऑपरेशनला आत गेले.

तुम्हालाही एवढंच सांगते. महाराजाला विचारा, गाडीला विचारा, हवं त्याला विचारा. पण ज्याला कधीच "मला माहीत नाही" म्हणता येत नाही, त्याचं ऐकून आपले डोळे घालवू नका.