अर्धा घासलेला दगड

मी एक जुना छापाचा दगड आहे, मित्रांनो. रंगाने शिळ्या लोण्यासारखा, आणि उचलायला दोन माणसं लागतील इतका जड. बव्हेरियातल्या खाणीतून मला काढलं, तासून गुळगुळीत केलं आणि लायपझिगला ब्रूनो फिंडआइसेन मास्तरांच्या छापखान्यात आणलं. माझ्यावर तेलकट खडूने चित्र काढतात. मग मला ओलं करून शाईचा रूळ फिरवतात. शाई खडूलाच धरते, ओल्या जागेला धरत नाही. वर कागद दाबला की चित्र त्यावर उतरतं. काम संपल्यावर वाळू आणि पाणी घालून दुसरा दगड माझ्या तोंडावर फिरवतात, चित्र जातं आणि मी पुन्हा कोरा होतो.

माझा चित्रकार आल्विन त्सॉयनर. खाणकामगाराचा मुलगा, ड्रेस्डेनला शिकलेला. सुरुवातीला तो नाटकांच्या जाहिराती काढायचा, आणि ब्रूनो मास्तर त्याच्या खांद्यावरून पाहत खोड्या काढायचे.

"आल्विन, नटीला तीन हात काढलेस की रे!"

"तिसरा तिच्या मॅनेजरचा आहे. नीट बघ, अंगठी आहे."

ते दिवस हसते होते. मग त्याची बायको ओटिली बाळंतपणानंतरच्या तापात गेली. त्याने मला दोन हमालांकरवी घरी नेलं. खिडकी उघडी होती, प्रेत घरात असताना तिकडे झाकतात तसं आरशावर कापड टाकलेलं होतं, आणि पलीकडच्या खोलीत तान्ही हेडविग रडत होती. आल्विनने माझ्यावर ओटिलीचा चेहरा काढला. उशीवर पसरलेले केस, मिटलेले ओठ, मिटलेले डोळे. प्रत्येक रेघ मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मला छापखान्यात परत आणलं, तेव्हा मास्तर कागद घेऊन तयार होते. आल्विन म्हणाला, "छापायचं नाही. वाळू दे." तो स्वतः घासायला बसला. चेहरा पुसट झाला आणि त्याचा हात थांबला.

"अरे, पुरतं घास," मास्तर म्हणाले. "खडूची चरबी आत मुरते. अर्धा घासलेला दगड म्हणजे न पुरलेलं प्रेत. कधीतरी वर येईल."

"येऊ दे," आल्विन म्हणाला. त्याने मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि घरी जाऊन बायकोचे सगळे फोटो शेगडीत घातले.

त्यानंतर त्याने माणूस काढला नाही. रिकाम्या खुर्च्या काढल्या. एकाच ताटाचं टेबल काढलं, कुणी चढत नसलेले जिने काढले. लोकांनी ती चित्रं डोक्यावर घेतली. बर्लिनला पदक मिळालं. या खोल्यांतून नुकतंच कुणी उठून गेलंय असं वाटतं, असं पाहणारे म्हणायचे. मग महायुद्ध झालं, लोकांची आवड बदलली, आणि नवे चित्रकार त्याला 'खुर्चीवाला त्सॉयनर' म्हणू लागले. शेवटी शेवटी तो मोहरीच्या बरण्यांची लेबलं काढत होता. हे सगळं मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं.

अठ्ठावीस वर्षांनी त्याला दम लागायला लागला. छापखान्यात चाळीस दगड होते, पण त्याने मलाच बाहेर काढलं. समोर आरसा ठेवून स्वतःचा चेहरा काढला. आयुष्यातला पहिला आणि शेवटचा. कागदावर लिहून ठेवलं, 'तीस प्रती'. पहिली प्रत निघायच्या आधीच तो गेला.

हेडविग आता मुलींच्या शाळेत शिकवत होती. चित्रकार संघाने आल्विनच्या स्मरणार्थ प्रदर्शन ठरवलं होतं, आणि या चित्रासाठी मधली भिंत मोकळी ठेवली होती. रिवाजाप्रमाणे मास्तरांनी आधी रद्दीवर दोन फिके नमुने काढले.

"बाबाच," हेडविग म्हणाली. "रागावायच्या आधीचे."

मग चांगला कागद लावला. आल्विनच्या गालाशी डाग आला. मास्तरांनी पुसला, पुढच्या कागदावर तो मोठा झाला. चौथ्या कागदावर त्याला ओठ होते. मास्तर स्टुलावर बसले.

"ही कोण, ब्रूनोकाका?"

"तुझी आई."

हेडविगने आईचा चेहरा कधीच पाहिला नव्हता. ती कागदाजवळ गेली, पण तिने हात लावला नाही.

"ऐक, हेडी. आत्ता जहाल आम्ल फिरवलं तर ही कायमची जाईल आणि आल्विन राहील. नाही फिरवलं, तर सगळी शाई हिच्याकडे ओढली जातेय. तो बुजेल. दोघं एका दगडावर टिकायची नाहीत. काय करू?"

हेडविगने रूळ उचलून त्यांच्या हातात दिला.

"बाबांना मी अठ्ठावीस वर्षं पाहिलंय. फिरवा रूळ."

"संघवाले मला कच्चा खातील!"

"सांगा, मधली भिंत तशीच राहू दे. त्सॉयनरने आणखी एक रिकामी खुर्ची दिली."

एकेका कागदाबरोबर आल्विन विरत गेला आणि ओटिली वर आली. अकरावा कागद उचलून मास्तरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हेडविगकडे.

"पोरी, आधी बस बघू."

आल्विनचं सगळं गेलं होतं, डोळे तेवढे राहिले होते. ते नेमके ओटिलीच्या मिटल्या पापण्यांवर पडले होते. उशीवरचा तो मेलेला चेहरा उघड्या डोळ्यांनी पाहत होता. आईचा चेहरा, बापाचे डोळे. कागदावर ती हेडविगच होती.

"छान आलंय," हेडविग म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता.

मास्तरांनी वाळूचं घमेलं आणलं. तिने ते पायाने बाजूला सारलं.

तेव्हापासून ती दर रविवारी येते. मला ओलं करते आणि समोर बसते. "अगं, दगड घास आणि जग जरा," मास्तर ओरडतात. "तुझ्या शाळेतल्या त्या गणिताच्या मास्तराला तरी हो म्हण!" ती हसतसुद्धा नाही, आणि तिच्या मनाविरुद्ध मला घासायला मास्तर धजत नाहीत. पूर्वी बसल्या बसल्या पाय हलवायची, आता हलवत नाही. केस मोकळे सोडून येते. गेल्या रविवारी ती इतकी निश्चल बसली होती, की तिचा श्वास चालू आहे की नाही हे मला कळेना. आणि माझ्यावरचा चेहरा मात्र, कुणी शाई न लावता, गडद झाला होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी 'आम्हाला जपा' असं म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. माझ्यात काय मुरलंय ते माझ्या हाती नाही, आणि समोर बसणाऱ्याचं मी काय ओढून घेतोय तेही मला थांबवता येत नाही. तुमच्या घरातही कुणी असं गेलेल्या माणसासमोर बसत असेल, तर त्या बसणाऱ्याला जपा. त्याला हाक मारा, जेवायला उठवा. आणि तुमच्यापैकी कुणी लायपझिगला असाल, तर फिंडआइसेनच्या छापखान्यात जा, वाळू मागा आणि मला घासून टाका. पण येत्या रविवारच्या आत.